चेतापेशी, दारू आणि अडलेला श्वास : किनाऱ्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका गावात माझा दवाखाना आहे. मेंदूबद्दल मला तीन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्यांच्या घरात कुणीतरी रोज पितं. दुसरी, ज्यांच्यातलं कुणी पाण्यात बुडता बुडता वाचलं किंवा वाचलं नाही. आणि तिसरी, बारावीची मुलं. प्रश्न वेगवेगळे असतात, पण उत्तरं शोधत गेलं की सगळी एकाच पेशीच्या दारात येऊन थांबतात. म्हणून ती इथे एकत्र लिहिली आहेत.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, म्हणजे नेमकं काय करतात?

लाकडी होडी आठवा. कितीही चांगली असली तरी फळ्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी झिरपतच असतं, आणि कुणीतरी ते सतत उपसत असतं. चेतापेशीचं तसंच आहे. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पेशीच्या पातळ आवरणातून दोन्ही झिरपत राहतात, आणि आवरणात बसवलेले पंप दिवसरात्र उपसा करत राहतात. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. या उपशामुळे पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण राहतो.

निरोप द्यायची वेळ आली की आवरणातली सोडियमची दारं झटकन उघडतात. सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागी विद्युतदाब उलटतो, मग पोटॅशियमची दारं उघडून तो पूर्ववत होतो. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतं. शेजारच्या जागी तेच घडतं, मग त्याच्या शेजारी, आणि निरोप पेशीच्या लांब, दोऱ्यासारख्या तंतूवरून पुढे सरकतो. जाड, वेष्टन असलेल्या तंतूत हा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही वर जातो. ठणका पोहोचवणाऱ्या बारीक तंतूत तो जेमतेम एक मीटर असतो. म्हणून पाय दगडावर आपटला की आपटल्याचं आधी कळतं आणि कळ मागून येते.

माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा घेतो. त्यातला मोठा वाटा या उपशावर खर्च होतो. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

एवढ्या बारीक पेशीत काय चालतं ते कळलं कसं?

माकलामुळे. तेच माकूल, कुणी म्हाकूळही म्हणतं, इंग्रजीत स्क्विड, जे हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात टोपल्या भरून येतं. घरी आणल्यावर त्याचं डोकं ओढून काढा, आतलं प्लास्टिकसारखं पारदर्शक पातं काढा, आणि नळीसारखं अंग उभं चिरून उघडा. आतल्या भिंतीवर, डोक्याकडच्या बाजूला, दोन्हीकडे चांदणीसारखी एकेक लहान गाठ दिसते. तिथून तंतू फाकलेले असतात. त्यातला सर्वांत जाड तंतू युरोपातल्या मोठ्या माकलांत जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो. माणसाचा जाडातला जाड तंतू याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा.

माकलाला तो लागतो पळायला. धोका दिसला की सगळं अंग एकदम आवळून पाणी मागे फेकायचं, म्हणजे निरोप वेगाने जायला हवा, आणि तंतू जितका जाड तितका निरोप वेगवान. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी या तंतूच्या आत बारीक तार सरकवून विद्युतदाब मोजला. मधे महायुद्ध आलं, काम थांबलं. १९५२ साली सोडियम आणि पोटॅशियमच्या दारांचं पूर्ण गणित त्यांनी मांडलं आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. बारावीच्या पुस्तकातला तो चढउताराचा आलेख माकलाचा आहे, हे मुलांना सांगितलं की ती दुसऱ्या दिवशी बाजारातून माकूल घेऊन येतात. एकदा दवाखान्याच्या पायरीवर बसून आम्ही ती चांदणी शोधली. सापडली.

दोन पेशींमध्ये फट असते म्हणतात. मग निरोप पलीकडे कसा जातो?

रसायनाने. ही फट, म्हणजे सिनॅप्स, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन ते चार पट एवढीच असते. विजेचा निरोप तंतूच्या टोकाशी आला की तिथे कॅल्शियम आत शिरतं, रसायनाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि ते रसायन पलीकडच्या पेशीवरच्या कुलपांत जाऊन बसतं. कुलूप उघडलं की दार उघडतं. ऑटो लोवी यांनी हे बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची नस चेतवून त्याची गती मंदावली, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. तो प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला.

मेंदूत अशी रसायनं पुष्कळ आहेत. या पानासाठी दोन पुरे. ग्लुटामेट पुढच्या पेशीला 'चल' म्हणतं. गाबा 'थांब' म्हणतं. ग्लुटामेटचं एक खास कुलूप आहे, एनएमडीए नावाचं. ते उघडलं की कॅल्शियम आत जातं. नवीन गोष्ट लक्षात राहते ती या कॅल्शियममुळे, आणि पेशी मरते तीही पुष्कळदा याच कॅल्शियममुळे.

दारू 'चढते' म्हणजे मेंदूत काय होतं?

दारूतलं इथेनॉल लहानसं रेणू आहे. ते पाण्यात विरघळतं आणि मेदातूनही पार होतं, म्हणून मेंदूभोवतीची रक्ताची गाळणी त्याला अडवत नाही. काही मिनिटांत ते मेंदूत पोहोचतं. तंतूवरून धावणाऱ्या निरोपाला ते पिण्याच्या प्रमाणात फारसा धक्का लावत नाही. त्याचा हात फिरतो तो फटीपाशी. गाबाची दारं जास्त वेळ उघडी ठेवतं आणि एनएमडीएची दारं अडवतं. म्हणजे 'थांब' मोठ्याने आणि 'चल' हळू. शिवाय मेंदूच्या सुखाच्या वाटेवर डोपामिन नावाचं रसायन सुटतं, म्हणून पुन्हा प्यावंसं वाटतं.

मग सुरुवातीला माणूस इतका मोकळा का होतो? दारूने तरतरी येते ना?

नाही, येत नाही. आधी गप्प होतात त्या आवर घालणाऱ्या पेशी. कपाळामागचा मेंदू, जो 'हे बोलू नको, तिकडे जाऊ नको' म्हणतो, तो लवकर मंदावतो. लगाम सुटलेला घोडा जोरात धावतो म्हणून त्याला ताकद आली असं होत नाही. पुढे तोल सांभाळणारा लहान मेंदू मंदावतो, पाय लटपटतात, जीभ जड होते. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. ३०० च्या आसपास माणूस हाक मारून उठत नाही. ४०० च्या पुढे श्वास चालवणारं केंद्रच बंद पडू शकतं. दारूने मेंदूला ऑक्सिजन कमी पडण्याची एक वाट ही आहे, समुद्राजवळ न जाताही. दुसरी वाट त्याहून नेहमीची : बेशुद्धीत उलटी होते, खोकला येत नाही, आणि ती श्वासनळीत जाते.

जास्त प्यायलेल्या माणसाला उताणं झोपवून दार लावून घेऊ नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे ठेवा, तोंड किंचित खाली असू द्या, आणि कुणीतरी जवळ बसा. हाक मारून, चिमटा काढून डोळे उघडत नसतील, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा. 'झोपला की उतरेल' या वाक्यावर विसंबून बसलेली घरं मी पाहिली आहेत.

'रात्रीचं मला काही आठवत नाही' म्हणतो. खोटं बोलतो का?

बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. आठवण नोंदवायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो, आणि त्याला एनएमडीएची दारं लागतात. ती अडवली की माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण आत काहीच लिहिलं जात नाही. ते विसरलेलं नसतं. त्याची नोंदच झालेली नसते, म्हणून कितीही आठवण करून दिली तरी ते परत येत नाही. त्याने केलेलं मात्र घडलेलं असतं, आणि घरच्यांना ते लख्ख आठवत असतं.

लिंबूपाणी, ताक, गार पाण्याने आंघोळ, यांनी उतरते का?

नाही. यकृत आपल्या चालीने चालतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. आता हिशेब करा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार ते सहा तास. एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे सहा ते नऊ तास. रात्री बाराला क्वार्टर संपवून पहाटे पाचला होडी लोटणारा किंवा गाडी काढणारा माणूस अजून प्यायलेलाच असतो.

माडी तर झाडाची. ती चालते ना?

सकाळी उतरवलेली नीरा गोड असते, पण मडक्यातच आंबायला लागते आणि दिवस चढेल तशी चार-पाच टक्क्यांवर जाते. इथेनॉल माडातून आलं की काजूच्या बोंडातून, पेशीला फरक कळत नाही.

रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येते म्हणतात. मग सोडूच नये का?

सोडावी, पण एकट्याने घरात कोंडून घेऊन नाही. वर्षानुवर्षं दारू 'थांब' म्हणत राहिली की मेंदू समतोल साधायला स्वतःला बदलतो. गाबाची कुलपं बोथट होतात, एनएमडीएची वाढतात. मग दारू अचानक बंद झाली की उरतो तो नुसता 'चल'चा गोंगाट. हात थरथरतात, घाम फुटतो. ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांनी माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, छाती धडधडते, आणि उपचार नसतील तर यात जीव जातो. गावात याला कधी कधी 'बाहेरचं' समजतात आणि अंगारा लावत बसतात. ही साडेसात वर्षांची साडेसाती नव्हे, चार-पाच दिवसांचा आजार आहे, आणि औषधांनी तो नीट पार पडतो. सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, द्यावंच लागतं. ते नसताना नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. कुठे सुरुवात करावी ते कळत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे.

श्वास थांबला की मेंदूतल्या पेशीचं काय होतं?

पुन्हा होडीकडे येऊ. उपसा चालतो एटीपी नावाच्या इंधनावर, आणि ते बनवायला ऑक्सिजन लागतो. मेंदू ऑक्सिजनचा साठा ठेवत नाही. हृदय थांबून रक्तच येईनासं झालं तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. ही पेशींची काटकसर असते, खर्च वाचवायला त्या बोलणं बंद करतात. अजून कुणी मेलेलं नसतं.

एक-दोन मिनिटांत इंधन संपतं आणि पंप थांबतात. होडीत पाणी भरायला लागतं. सोडियम आत, त्यामागून पाणी आत, पेशी फुगते. विद्युतदाब कोसळतो, आणि तो कोसळला की साठवलेलं ग्लुटामेट एकदम बाहेर सांडतं. एरवी शेजारच्या पेशी सांडलेलं ग्लुटामेट उचलून घेतात, पण त्यांचेही पंप बंद असतात. आता प्रत्येक पेशी शेजारणीला 'चल, चल' ओरडते आहे, एनएमडीएची दारं सताड उघडी आहेत आणि कॅल्शियम आत ओततं आहे. ते कॅल्शियम पेशीच्या आतली कातरणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जागी करतं. जॉन ओल्नी यांनी अशा अतिउत्तेजनाने होणाऱ्या पेशीमृत्यूला 'एक्सायटोटॉक्सिसिटी' असं नाव दिलं. चार-पाच मिनिटांनंतर इजा कायमची व्हायला लागते. सगळ्यांत आधी जातात हिप्पोकॅम्पसच्या आणि लहान मेंदूच्या काही पेशी, आणि हिप्पोकॅम्पसच्या काही पेशी तर त्या दिवशी तगून दोन-तीन दिवसांनी मरतात.

पक्षाघातात हेच घडतं, फक्त एका भागात. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात असा अंदाज आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमच्याकडून मोठ्या रुग्णालयाचा रस्ता घाटाचा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका.

दारू पेशींना शांत करते आणि एनएमडीएची दारंही अडवते. मग बुडताना प्यायलेल्याला फायदाच नाही का?

हा प्रश्न एका अकरावीतल्या मुलीने विचारला आणि मला दोन दिवस विचार करायला लावला. कागदावर तसं दिसतं खरं. पण दारं थोडी अडवली म्हणून उपसा सुरू होत नाही. ऑक्सिजन नसेल तर पंप बंदच राहणार. आणि पेशीपर्यंत गोष्ट पोहोचण्याच्या आधी माणसाला वाचवणाऱ्या ज्या सूचना असतात, गुदमरल्याची जाणीव, खोकला, हात मारायची धडपड, किनाऱ्याची दिशा, त्या सगळ्या दारूने आधीच मंद केलेल्या असतात. रोज पिणाऱ्याचं तर आणखी वाईट. त्याच्या पेशींवर एनएमडीएची दारं वाढलेली असतात, म्हणजे पूर आला की आत शिरायला वाटा जास्त.

मला चांगलं पोहता येतं. दोन पेग घेऊन पाण्यात गेलो तर काय बिघडतं?

आतल्या कानापासून सुरू करू. तोल सांभाळणाऱ्या नळ्यांत द्रव असतो आणि त्यात जेलीसारखा पडदा. दारू पाण्यापेक्षा हलकी असते आणि ती द्रवाआधी पडद्यात शिरते, म्हणून पडदा तरंगायला लागतो आणि डोकं हललं नसताना हलल्याचा निरोप देतो. प्यायल्यावर अंथरुणात डोळे मिटले की खाट फिरते ती याने. आता तेच लाटेखाली, डोळ्यांत वाळू आणि खारं पाणी असताना झालं, तर वर कुठे आणि खाली कुठे हे सांगणारं काहीच उरत नाही.

त्यात ओढ. किनाऱ्यावरून पाणी परत जाताना एखाद्या घळीतून जोरात आत खेचतं. त्यातून सुटायचं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हायचं असतं, आणि त्यासाठी डोकं शांत ठेवून निर्णय घ्यावा लागतो. कपाळामागचा मेंदू नेमका तोच निजलेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. तेव्हा समुद्र सर्वांत खवळलेला आणि मदतीला पाण्यात असलेलं कुणीच नाही.

आणखी एक, हे न पिणाऱ्यांसाठीही. डुबी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन छाती भरू नका. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. भराभरा श्वासाने तो उतरतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग गुदमरल्याची सूचना येण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि पाण्याखाली शुद्ध जाते. कालवं काढायला जाणारी पोरं पैजा लावून हे करतात.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पहिलं काय करायचं?

श्वास द्यायचा. काही वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मला किनाऱ्यावरून बोलावणं आलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, मित्रांबरोबर आलेला, सगळे प्यायलेले. मी पोहोचले तेव्हा त्याला पालथा घालून पाठीवर गुडघा दिला होता, त्याआधी पाय धरून उलटा लोंबकळवला होता. सगळे मनापासून धडपडत होते. नंतर कुणाच्या तरी फोनवरचा व्हिडिओ पाहिला. वाळूवर आणल्यापासून पहिला श्वास देईपर्यंत सहा मिनिटं गेली होती. मुलगा वाचला. चालतो, जेवतो, हसतो. पण त्याची आई मला फोन करते तेव्हा मागून त्याचा आवाज येतो, 'आई, कोणाचा फोन आहे?' ती सांगते. दोन मिनिटांनी तो पुन्हा तेच विचारतो.

म्हणून क्रम पाठ करा. उताणं झोपवा, हाक मारा. श्वास नाही? एकाला १०८ लावायला सांगा. हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून दोन श्वास द्या, छाती वर येते का पाहा. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून ३० वेळा दाबा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. पुन्हा दोन श्वास. असंच चालू. हृदयविकाराने हृदय अचानक थांबलं तर नुसती छाती दाबलेलीही चालते, कारण रक्तात ऑक्सिजन उरलेला असतो. बुडालेल्याच्या रक्तात तो संपलेला असतो. फेस येईल, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि परत सुरू करा. पोट दाबू नका.

मिठात पुरून ठेवलं की बुडालेला जिवंत होतो, असा मेसेज येतो. खरं आहे का?

नाही. मीठ पेशीला ऑक्सिजन देत नाही. वाचवायला हाती असलेली, वर सांगितलेली चार-पाच मिनिटं त्यात जातात.

थंड पाण्यात बुडालेली मुलं अर्ध्या तासानेही वाचल्याचं वाचलंय.

खरं आहे, पण ती बर्फाळ पाण्याची गोष्ट. मेंदू लवकर गार झाला तर त्याची इंधनाची गरज घटते. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना पहिल्या सहा तासांत सुरू करून ७२ तास ३३-३४ अंशांवर ठेवतात, ते याच तत्त्वावर. आपला समुद्र २६ ते ३० अंशांचा असतो. तो मेंदूला अशी मुदत देत नाही.

विहिरीत उतरलेला माणूस बघता बघता पडतो. त्याला फुप्फुसात पाणी जात नाही, मग काय होतं?

तिथे श्वास घेण्यासारखी हवाच नसते. मे महिन्यात गाळ काढायला विहीर उपसतात आणि कधी डिझेलचं इंजिन आतच कठड्यावर ठेवतात. त्याचा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. शौचालयाच्या टाकीत, किंवा बोटीवर मासळी कुजलेल्या बंद कप्प्यात, हायड्रोजन सल्फाइड असतो. तो पेशीच्या आत ऑक्सिजन वापरणारं यंत्रच बंद करतो. एक पडला की भाऊ उतरतो, मग शेजारी. कृपा करून उतरू नका. वरून दोर टाका, हवा भरा, अग्निशमन दलाला बोलवा. आणि वास सहन व्हावा म्हणून पिऊन टाकीत उतरणाऱ्याला थांबवा.

विषारी दारूने डोळे का जातात?

तिच्यात मिथेनॉल असतं. यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, आणि हे आम्लसुद्धा पेशीतलं ते ऑक्सिजन वापरणारं यंत्र अडवतं. माणूस श्वास घेतो आहे, रक्त लाल आहे, आणि पेशी मात्र गुदमरते आहे. डोळ्याची नस यात लवकर सापडते. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसं अशी गेली. प्यायल्यावर बारा-चोवीस तासांनी धुकं पडल्यासारखं दिसू लागलं तर ती नशा नव्हे. तडक रुग्णालय गाठा, त्यावर उतारा आहे आणि तो वेळेत दिला तर नजर आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

ऑक्सिजनशिवाय जगणारा कुणी प्राणी आहे का?

आहे, आणि ही माझी सर्वांत आवडती गोष्ट. काचेच्या भांड्यातला गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद क्रूशियन कार्प गोठलेल्या तळ्याखाली ऑक्सिजनविना दीर्घकाळ जगतात. ऑक्सिजन नसताना साचणारं आम्ल ते इथेनॉलमध्ये बदलतात आणि कल्ल्यांतून सोडून देतात. २०१७ साली त्यामागचं विकर उलगडलं. त्या काळात माशाच्या रक्तातलं अल्कोहोल १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर जातं. गोड्या पाण्यातली काही कासवं वेगळी वाट धरतात. ऑक्सिजन संपला की दारं बंद करून गळतीच कमी करतात आणि गाबा वाढवून सगळा मेंदू निजवतात. आपल्या पेशींना हे येत नाही.

वाचवलेला माणूस उठून बसला, बोलतोय. आता घरी न्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याने तिथला बुळबुळीत थर धुतला जातो, हवेच्या पिशव्या मिटतात, आणि काही तासांनी श्वास लागू शकतो. खोकला, धाप, सुस्ती, उगाच चिडचिड दिसते का ते पाहायला त्याला किमान सहा-आठ तास बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून रुग्णालयात ठेवावं लागतं. तो प्यायलेला असेल तर सुस्ती दारूची की ऑक्सिजनची हे घरी बसून मलाही सांगता येणार नाही. ओले कपडे काढा, कोरड्या चादरीत गुंडाळा, चहा पाजू नका, आणि गाडीतून नेताना कुशीवर ठेवा.